डावी पाकळी

सर आले तेव्हा मी अंगणात बसून देवीच्या समया घासत होतो. हात चिंचेनं आणि राखेनं बरबटलेले होते, म्हणून मी नुसती मान हलवली. एरवी सर आले की आधी पडवीतल्या घागरीतलं पाणी स्वतःच ओतून घ्यायचे, मग माझ्या बायकोला, सुभद्राला, हाक मारून आज काय शिजतंय ते विचारायचे आणि मगच टेकायचे. त्या दिवशी त्यांनी यातलं काहीच केलं नाही. चपला न काढताच पायरीवर बसले.

"यशवंता," ते म्हणाले, "उद्या डावीच पाकळी पडली पाहिजे."

माझ्या हातातली समई तशीच राहिली.

आमच्या सावरवणे गावात पावणाई देवीला विचारल्याशिवाय मोठं काम होत नाही. विचारायची रीत म्हणजे कौल. गावकरी देवळात जमतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतात आणि गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक ओली पाकळी चिकटवतो. मग सगळे गप्प बसून वाट बघतात. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी आधी पडली तर नाही. त्यावर कुणी वाद घालत नाही. गावचा गुरव मी होतो. माझ्या आधी बाबा, त्यांच्या आधी आजोबा.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न रायीचा होता. देवळामागची पावणाईची राय म्हणजे बावीस एकरांचं रान. तिथून काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे, मोडून पडलेलं झाड तिथंच कुजायचं. वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळात, खाण निघाली होती आणि खाणवाल्यांना गाड्यांसाठी रस्ता हवा होता. सगळ्यांत सरळ रस्ता रायीच्या मधून जात होता. गावातल्या निम्म्या घरांतली पोरं मुंबईत कुठं कुठं खितपत पडली होती, त्यांना इथं काम मिळेल असं खाणवाले सांगत होते. गावचे पहिले मानकरी अण्णा दळवी. मनानं वाईट नव्हते, पण त्यांचाही एक पुतण्या होताच. तरी देवीला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही एवढं मात्र अण्णांनी खाणवाल्यांना ठणकावून सांगितलं होतं.

आणि पोंक्षे सर म्हणजे, तुम्ही वाचणारे असाल तर तुम्हाला त्यांचं नाव माहीत असेल. सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. एकदा मुलांची सहल घेऊन रायीत आले आणि पुढच्या वर्षी नोकरी सोडून परत आले. माझ्या पडवीशेजारची खोली घेतली ती तेरा वर्षं. वर्षातले सहा-सात महिने इथं, बाकीचे सांगलीला. रानावरची चार पुस्तकं त्यांनी त्या खोलीत लिहिली. बाहेरगावची माणसं पत्ता विचारत यायची आणि चड्डी-बनियनवर कपडे वाळत घालणाऱ्या सरांना बघून त्यांनाच विचारायची, पोंक्षे सर कुठं भेटतील.

सरांचा एक नियम होता. पाहिलं नाही ते लिहायचं नाही. सुरुवातीला मी हौसेनं त्यांना रायीतल्या गोष्टी सांगायचो. ककणेराची, म्हणजे पुस्तकातल्या धनेश पक्ष्याची, मादी ढोलीत शिरते, आतून चिखलानं दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून तिला भरवत राहतो, हे मी सांगितलं तेव्हा सरांनी विचारलं, "तू पाहिलंस?"

"आजोबांकडून ऐकलंय," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटली. मला राग आला. पण पुढच्या माघात मी त्यांना ककणेराची ढोली असलेल्या जुन्या बेहड्याच्या झाडाखाली नेलं, आणि तेव्हापासून दरवर्षी माघ ते वैशाख सर त्या बेहड्यासमोर बसायचे. नर किती वेळा आला, चोचीतून काय आणलं, सगळं घड्याळ लावून वहीत. अकरा वर्षं तीच ढोली. त्यांचं शेवटचं पुस्तक सगळं त्या एका जोडीवर आहे.

असा माणूस माझ्या पायरीवर बसून मला देवीचा कौल फिरवायला सांगत होता.

"सर, तां माझ्या हातात नाय," मी म्हणालो. "मी फक्त पाकळ्यो लावतंय. पाडतली ती."

"अकरा वर्षं बघतोय मी कौल," सर म्हणाले. "जास्त ओली पाकळी उशिरा पडते, कोरडी आधी. एवढंही कळलं नसतं तर मी वनस्पतिशास्त्र कशाला शिकवलं?"

मी समई खाली ठेवली. बाबांनी मला पहिल्यांदा गाभाऱ्यात नेलं तेव्हा दोन्ही पाकळ्या एकाच तांब्यात, एकाच वेळी, देठापर्यंत बुडवायला शिकवलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. प्रत्येक गुरवाला ते ठाऊक असतं आणि कुठलाही गुरव ते तोंडानं बोलत नाही. सरांनी ते भर अंगणात बोलून टाकलं होतं, आणि आत सुभद्राच्या हातातल्या उलथण्याची खडखड थांबली होती.

मी म्हटलं, देवीवर तुमचा विश्वास नाही म्हणून तुम्ही हे बोलू शकता.

"माझा नाही, पण गावाचा आहे," ते म्हणाले.  त्यांनी मंत्र्यांना पत्रं लिहिली होती, वर्तमानपत्रांत लिहिलं होतं, सह्या गोळा केल्या होत्या, जिल्ह्याच्या कचेरीत चार-चार तास बाकड्यावर बसून आले होते. एवढं करून त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं, ते मला माहीत होतं. "यशवंता, मी आयुष्यात असलं काही कुणाला सांगितलेलं नाही. पण उद्या उजवी पडली तर होळीच्या आत राय गेली. बेहडा गेला. मादी आत बसलीय आत्ता."

 साठीच्या माणसाला आपल्यासमोर रडू आवरताना बघणं फार वाईट.

"बघू," मी म्हणालो.

ते उठले आणि त्यांनी माझ्या राखेनं माखलेल्या हाताला हात लावला. 'बघू'चा अर्थ त्यांनी त्यांच्यापुरता लावून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका बाहेर पारावर, पुरुष सभामंडपात, मानकरी आपापल्या मानाप्रमाणे पुढं. खाणवाल्यांचा एक माणूस बूट हातात धरून खांबाशी उभा होता. सर सगळ्यांत मागं, दाराशी, वही काढून. अण्णांनी गाऱ्हाणं घातलं. रायीतली झाडं तोडून रस्ता करावा की करू नये, आई, तूच सांग, आम्ही लेकरं तुझ्या शब्दाबाहेर नाही. सगळ्या गावानं "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी मागं वळून बघितलं नाही. पाकळ्या घेऊन आत गेलो.

गाभाऱ्यात माझी पाठ गावाकडं असते. माझ्या बोटांनी काय केलं ते त्या सकाळी फक्त मला आणि देवीला माहीत होतं.

पाकळ्या लावून मी बाजूला झालो. असं वाट बघणं मी शेकडो वेळा केलं होतं. खूप वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं. बाहेर रायीतून ककणेराचा आवाज आला आणि थांबला. मग डावी पाकळी वरच्या कडेनं सुटली, क्षणभर लोंबली आणि देवीच्या पायाशी पडली.

गावानं हात जोडले. खाणवाल्यांचा माणूस बूट घालून निघून गेला. अण्णांचं तोंड उतरलं होतं, पण त्यांनी देवीसमोर लोटांगण घातलं आणि म्हणाले, "आईन सांगितल्यान. इषय संपलो."

मी देवळामागं निर्माल्य टाकायला गेलो तेव्हा सर तिथं उभे होते. त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

"यशवंता, हे मी जन्मात विसरणार नाही," ते म्हणाले. "तू काय केलंस ते मला माहीत आहे. तुला त्याची काय किंमत पडली असेल तेही."

मी काही बोललो नाही. एवढ्या मोठ्या माणसानं माझा हात असा कधी धरला नव्हता. कुणीच धरला नव्हता.

दोन वर्षं राय उभी राहिली. ककणेरांनी दोनदा पिल्लं बाहेर काढली. सरांचं नाव मोठं झालं, एका संस्थेनं त्यांना बोलावून शाल दिली, गावोगावची माणसं त्यांना आमच्या डोंगराचं काय करू म्हणून विचारायला येऊ लागली. गावातही सरांना मान आला. अण्णा दळवी वाटेत भेटले की थांबून बोलायचे. मला मात्र सरांच्या वागण्यात काहीतरी बदललेलं दिसत होतं. बेहड्यासमोर बसले तरी वही मांडीवर मिटलेली असायची. एकदा म्हणाले, मी लोकांना भाषणात सांगतो की खऱ्याला भिऊ नका, आणि सांगताना माझी जीभ अडखळते. मला वाटलं, वय झालं. मी चहा पुढं केला आणि विषय बदलला. तेव्हा बोललो असतो तर.

दुसऱ्या वर्षी एका दिवाळी अंकात सरांचा लेख आला. मला त्याचा पत्ताच नव्हता. पुढं पौषात एका सकाळी अण्णांचा निरोप आला, देवळात ये. गेलो तर सगळे मानकरी बसलेले. अण्णांच्या पुतण्यानं मुंबईहून अंक पाठवला होता. शाळेतल्या एका गुरुजींनी तो वाचून दाखवला.

लेख फार सुंदर होता. हे मला म्हणावंच लागेल. गावाचं नाव त्यात नव्हतं, माझं नव्हतं, पण बावीस एकरांची राय होती, बेहडा होता आणि जास्वंदीच्या दोन पाकळ्या होत्या. सरांनी लिहिलं होतं की एक रान वाचवण्यासाठी मी एका सरळ माणसाला त्याच्या देवीशी खोटं वागायला लावलं. त्यानं एक पाकळी कोरडी ठेवली. रान वाचलं, पण ज्या पायावर मी उभा होतो तो पाया मीच उकरला. हे मनात ठेवून मला मरता येणार नाही. असं बरंच. गुरुजी वाचत राहिले. मी मात्र 'त्यानं एक पाकळी कोरडी ठेवली' या वाक्यापाशीच अडकलो होतो. पुढचं मला ऐकूच आलं नाही.

"येशवंता, ह्यां खरां काय?" अण्णांनी विचारलं.

"नाय," मी म्हणालो. "कौल खरो होतो. देवीन दिलेलो."

"मगे सर खोटां लिवतत काय?"

 सर खोटं लिहीत नाहीत हे अख्ख्या गावाला मीच तेरा वर्षं सांगत आलो होतो. मी म्हटलं, सरांना बोलवा, मी त्यांच्यासमोर सांगतो.

सर तिसऱ्या दिवशी सांगलीहून एसटीनं आले. स्टँडवरून थेट देवळात. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. लेख वाचून गाव असं पेटेल, तो अंक इथवर येईल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला वाटतं आपण लिहितो ते लांबची माणसंच वाचतात. सभामंडपात उभे राहून त्यांनी हात जोडले.

"जे झालं ते माझ्या सांगण्यावरून झालं," ते म्हणाले. "यशवंताचा दोष नाही. शिक्षा करायची तर मला करा. पण राय तोडू नका. खोटं मी बोललो, झाडं नाही बोलली."

मी पुढं झालो. सगळ्या गावादेखत, देवीच्या दारात, मी म्हणालो, "सर, मी कायच करूक नाय. दोनव पाकळ्यो सारख्योच भिजवलेलंय. ती आपसून पडली."

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत इतकी माया होती की माझ्या अंगावर काटा आला.

"यशवंता," ते हळूच म्हणाले, "आता माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तेही तिच्यासमोर."

संपलं. त्यानंतर मी आणखी शपथा घेतल्या, पण त्या ऐकतंय कोण. पोटासाठी गुरव खोटं बोलेल, सर कशाला बोलतील?  अण्णा म्हणाले, "देवीन नाय म्हणूकच नाय, तर झाडां राखूची कोणाच्या शब्दावर?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. फसवल्या गेलेल्या माणसाचा थकवा होता आणि तो रागापेक्षा वाईट.

माझी गुरवकी गेली. माझ्या चुलत्याच्या मुलाला बसवलं. त्यानं पुढच्या सोमवारी कौल लावला आणि उजवी पाकळी पाणी निथळायच्या आत पडली. ती कशी पडली हे मी विचारलं नाही. मला आता विचारायचा अधिकारच नव्हता.

सर कोर्टात गेले. रायीला गाव पिढ्यान्‌पिढ्या देवीची मानत आलंय, ही परंपरा आहे, ती मोडू देऊ नका, असं त्यांच्या वकिलानं मांडलं. खाणवाल्यांच्या वकिलानं तो दिवाळी अंक काढला आणि खूण करून ठेवलेलं पान वाचून दाखवलं. ही परंपरा म्हणजे काय ते अर्जदारानंच लिहून ठेवलंय, एवढंच तो म्हणाला. काम अडवायला कोर्टानं नकार दिला.

फाल्गुनात तोड सुरू झाली. पहिल्या दिवशी सर आणि शहरातून आलेली आठ-दहा मुलं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. पोलिसांनी त्यांना उचलून गाडीत घातलं, सरांना मात्र कुणी हात लावला नाही, तेच बाजूला झाले. मग ते माझ्या पडवीत येऊन बसले. तिथून बेहड्याचा शेंडा दिसायचा. मी तोडणाऱ्यांच्या मुकादमाकडं जाऊन पाया पडलो. म्हटलं, तेवढं एक झाड दोन महिने ठेव, मादी आत कोंडून बसलीय, पंखांची पिसं झडलीत, तिला उडता यायचं नाही. तो बिचारा म्हणाला, माझ्या हातात असतं तर ठेवलं असतं.

बेहडा दुपारी पडला. जमीन हादरली ती पडवीपर्यंत कळली. मी धावत गेलो, सर आले नाहीत. ढोलीच्या तोंडावरचा लिंपलेला चिखल तडकून मोकळा झाला होता. आत काय होतं ते मी पाहिलं आणि सरांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

नर तीन दिवस येत राहिला. चोचीत उंबर धरून यायचा, बेहडा जिथं होता त्या मोकळ्या आभाळात गोल गोल फिरायचा आणि बसायला काही नाही म्हणून निघून जायचा. सर पडवीतून बघत होते. वही जवळ होती, पण त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. चौथ्या दिवशी नर आला नाही. पाचव्या दिवशी सर सांगलीला गेले ते सावरवण्याला परत आले नाहीत. त्यानंतर त्यांनी पुस्तकही लिहिलं नाही.

ते गेल्यावर सुभद्रा चुलीपुढं बसून म्हणाली, "तुमी त्यांका तेवाच कित्याक सांगूक नाय?"

तिला खरं माहीत होतं. तिला मी कौलाच्याच दिवशी सांगितलं होतं, आणि आता तुम्हालाही सांगतो. त्या सकाळी मी डावी पाकळी कोरडी ठेवायची ठरवूनच गाभाऱ्यात गेलो होतो. तांब्यात एकच बुडवली, दुसरी पंच्याच्या टोकात धरली. मग वर बघितलं. देवीचे चांदीचे डोळे नेहमीसारखेच होते, काही चमत्कार झाला नाही. पण माझे हात पुढं होईनात. बाबांनी धरून शिकवलेली बोटं होती ती. मी दुसरी पाकळी पण देठापर्यंत बुडवली, दोन्ही लावल्या आणि मनात म्हटलं, तुझं रान आहे, तुझं तू बघ. आणि तिनं बघितलं.

देवळामागं सरांनी हात धरला तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं. सर, मी काही केलं नाही. पण ते माझे उपकार मानत होते. ज्यांच्यासमोर मोठमोठी माणसं उभी राहतात ते माझ्यासमोर उभे होते. मला ते गोड लागलं. दोन वर्षं मी तो मोठेपणा मिरवला, कुणाला न दाखवता, आतल्या आत. सरांनी न पाहिलेलं लिहिलं हे खरं. पण ते त्यांना मी पाहू दिलं नव्हतं.

नऊ वर्षांनी सरांच्या भाचीचं पत्र आलं. सरांना झटका येऊन गेलाय, उजवा हात उचलत नाही, तुमचं नाव काढतात. मी एसटीनं सांगलीला गेलो. घाट चढताना मी ठरवून टाकलं होतं की आता सगळं सांगायचं. त्यांनी मला मारलं तरी चालेल. खरं काय ते त्यांना कळलंच पाहिजे, त्यांनी जन्मभर दुसरं काही मागितलं नव्हतं.

सर खिडकीपाशी कॉटवर होते. अर्धे राहिले होते. मला बघून डाव्या हातानं जवळ बसायची खूण केली आणि भाचीला चहा करायला आत पाठवलं. उशाशी वह्यांचा गठ्ठा होता. त्यातली एक त्यांनी मला काढायला लावली, पान उघडायला लावलं. कौलाच्या दिवसाचं पान होतं. बारीक, सरळ अक्षर. किती वाजता गाऱ्हाणं झालं, किती वाजता पाकळ्या लावल्या, रायीतून ककणेर ओरडल्याची वेळ. शेवटी लिहिलं होतं: 'दहा चाळीस. डावी पाकळी पडली. का पडली, ते पाहिलेलं नाही.' त्याखाली दोन ओळींची जागा कोरी होती.

"मी लेखात लिहिलं," सर म्हणाले. शब्द जड येत होते, पण कळत होते. "इथं लिहू शकलो नाही. यशवंता, तू त्या दिवशी देवळात बोललास. सारख्याच भिजवल्या म्हणालास. मी तेव्हा ऐकलं नाही. नंतर नऊ वर्षं ऐकतोय." ते थांबले. श्वास घेतला. "खरं सांग. कुठली कोरडी ठेवली होतीस?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. जे सांगायला घाट चढून आलो होतो ते ओठांवर होतं. आणि मला दिसलं की हा माणूस बेहड्याचा आवाज आजही ऐकतोय. मी खरं सांगितलं तर त्याला कळेल की राय देवीनं राखली होती आणि त्याच्या एका वाक्यानं पाडली, आणि ते वाक्य खरंही नव्हतं. एवढं घेऊन त्याला मरायला सांगायचं?

"डावी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरची एक शीर सैल पडलेली मला दिसली.

"म्हणजे मी लिहिलं ते खरंच होतं," ते म्हणाले.

"व्हय, सर."

मग त्यांनी उशाखालून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. हात चालत नाही, म्हणाले, आणि पाहिलंस तू, म्हणून तूच लिही. त्या कोऱ्या जागेत मी लिहिलं: 'डावी पाकळी मी कोरडी ठेवली होती.' खाली सही केली, यशवंत गुरव. सरांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि वही छातीवर ठेवून घेतली. आत चहाला उकळी येत होती. सर पुढच्या महिन्यात गेले.

त्यांच्या वह्या आता त्यांच्या जुन्या कॉलेजच्या कपाटात आहेत. दूरदूरची मुलं येऊन त्या अभ्यासतात, कारण त्यात न पाहिलेलं काही नाही. बासष्ट वह्या आहेत. त्यांत खोटं असं एकच वाक्य आहे, आणि ते माझ्या अक्षरात आहे.